गाळलेली एकोणीस

"दोनशे बारा," वजनबाई म्हणाली.

"एकशे त्र्याण्णव," संगणकासमोरची मुलगी म्हणाली.

"अगं, मी माझ्या हातानं काट्यावर ठेवलीत. दोनशे बारा पोरं. गठ्ठा मोज."

"गठ्ठा दोनशे बाराचाच आहे, मावशी. तक्त्यात एकशे त्र्याण्णव आलीत."

"मग बाकीची एकोणीस काय वाटेत पळून गेली?"

मुलगी हसली नाही. तिनं पडदा वजनबाईकडे वळवला. हिरव्या ओळींच्या मधेमधे तांबड्या ओळी होत्या, अंगावर पुरळ उठावं तशा.

"ही वजनं अशक्य आहेत. म्हणून गाळली."

"कुणी?"

"मशीननं. म्हणजे, मीच सांगून ठेवलंय त्याला. मोजणाऱ्यांच्या हातून चुका होतात ना. कुणी टिंब एक घर अलीकडे देतं, कुणी महिन्यांच्या जागी वर्षं लिहितं. एक चूक शिरली की सगळी सरासरी नासते. म्हणून एक रेष ठरवलीय. रेषेच्या खाली गेलं की ते मूल नाही, मोजणाऱ्याची चूक, असं धरायचं."

"म्हणजे जे पोर जितकं जास्त वाळलेलं, तितकं ते खोटं."

मुलीनं चष्मा वर सरकवला. नोकरीला लागून तिला चार महिने झाले होते. हुशार होती, मन लावून काम करायची. तिनं एका तांबड्या ओळीवर बोट ठेवलं. "ही बघा ना. सत्तावीस महिने, पाच किलो चारशे. एवढं तर तीन महिन्यांच्या बाळाचं असतं. कसं शक्य आहे?"

"कसं शक्य आहे ते मला नको विचारू. आहे, एवढं मला ठाऊक आहे." वजनबाईनं खुर्ची ओढली. आजवर या खोलीत ती कधी बसली नव्हती. फॉर्म टेबलावर ठेवायचे आणि जायचं. "आणि हा तक्ता आता कुठं जाणार?"

जाणार होता तो वर. तक्त्यावरून नाल्यापलीकडच्या वस्तीतलं आहारकेंद्र चालू राहायचं की बंद व्हायचं हे ठरणार होतं. दुपारी एक वाटी शिजवलेलं अन्न, एक पेला दूध, आठवड्यातून दोनदा परिचारिका. नियम साधा होता. शंभरातली दहा किंवा जास्त मुलं लाल रंगात असतील, म्हणजे फारच खंगलेली असतील, तर केंद्र राहील. एकशे त्र्याण्णवांत लाल निघाली होती आठ. शंभराला चारच.

वस्ती सुधारली होती. कागदावर.

प्रश्न १ : उत्तर देणाऱ्याची माहिती

वय पंचावन्न. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. व्यवसाय: संशोधन कार्यालयाच्या वतीनं दारोदार हिंडून मुलांची उंची, वजन आणि दंडाचा घेर मोजणं. सव्वीस वर्षं. नोकरी कायम नाही. दर अकरा महिन्यांनी कागद नवा होतो, माणूस जुनाच.

वजनबाई हे नाव मुलांनी दिलेलं. खांद्याला टांगता काटा, पाठीला उंची मोजायची लाकडी फळी, अशी ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की पोरं ओरडायची, वजनबाई आली. काही तिच्याकडे पळत यायची, काही तिच्यापासून. पळून जाणाऱ्यांना ती घाई करायची नाही. "भूक लागली की येतील घरी," म्हणायची, आणि मग स्वतःच्याच बोलण्यावर ओठ चावायची.

सहसा ती कुणाच्या अध्यात नसायची आणि मध्यातही नसायची. पण त्या मंगळवारी फॉर्मचा गठ्ठा पोटाशी धरून ती उठली आणि सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. संगणकावरची मुलगी मागोमाग आली. तिला वाटलं, आपल्यावर तक्रार होणार.

मोठ्या बाई कार्यालयाच्या प्रमुख. केस पांढरे, बोलणं कमी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकोणीस फॉर्म एकेक करून चाळले.

"हा नियम मीच घातलाय," त्या म्हणाल्या. "पूर्वी काय गोंधळ व्हायचा तुम्हाला माहीत आहे. चाळीस किलोचं बाळ आलं होतं एकदा."

"आलं होतं. ते माझं नव्हतं."

"तुमचं नव्हतं. पण नियम माणूस बघून लावता येत नाही. ही एकोणीस परत आत घ्यायची तर पुरावा लागेल. वय पक्कं हवं. वजन पुन्हा झालेलं हवं, आणि दोन माणसांनी वेगवेगळं वाचलेलं. शुक्रवारी दुपारी तीनला तक्ता जाईल. त्याच्या आत."

"दुसरं माणूस द्या मग."

"नाही हो. बाकीची सगळी दुसऱ्या कामावर लांब गेलीत."

"मी माझं आणते."

"लिहिता-वाचता येणारं पाहिजे."

"येतं. बोलताही येतं, तेवढीच काय ती अडचण."

बाहेर आल्यावर मुलीनं कागदाच्या पाठीवर भराभर आकडे मांडले. "मावशी, एकोणीसच्या एकोणीस नाही लागणार. तेरा मिळाली तरी शंभराला दहाच्या वर जातं. बारा मिळाली तर नाही."

"तेरा," वजनबाई म्हणाली आणि काटा खांद्याला लावला.

प्रश्न २ : घरात किती माणसं राहतात?

दोन. एक वजनबाई, दुसरी तिची नणंद.

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. नणंदेनं लग्नच केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर सांगायची, "मला बघायला आलेला प्रत्येक जण आधी माझं बोलणं ऐकून जायचा." ती घरी बसून शिंप्यांसाठी काजं करायची. दिवसाला शंभर-सव्वाशे. भावाच्या माघारी दोघी एकाच खोलीत राहत होत्या, आणि खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर त्यांचं अजून एकमत व्हायचं होतं.

"तीन दिवस माझ्याबरोबर यायचं," वजनबाई म्हणाली.

"आणि ही काजं? ती काय पाखरं येऊन करतील?"

"शिंप्याला सांग, डोळे दुखतायत."

"मला मिळणार काय, वहिनी?"

"ऊन मिळेल."

नणंदेनं दात लावून दोरा तोडला. "कशासाठी ते तरी सांग."

वजनबाईनं सांगितलं. तिला सांगायला फार वेळ लागला नाही; सव्वीस वर्षं घरी येऊन ती काही बोलत नसे, त्यामुळे सगळं आत जसंच्या तसं पडून होतं. नणंद ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या मशीनला वाटलं, तू खोटं लिहिलंस."

"मशीनला काही वाटत नाही गं."

"न का वाटेना. कुणीतरी शिकवलं असणार त्याला." ती उठली आणि डब्याला झाकण लावलं. "चष्मा कुठला घेऊ, जवळचा की लांबचा?"

(घरात दोन किंवा कमी माणसं असल्यास प्रश्न ६ वर जा.)

प्रश्न ६ : वापरलेली साधनं

सकाळी काटा पहिल्यांदा टांगला की त्याला लोखंडाचं दोन किलोचं माप लावायचं. काट्यानं बरोबर दोन दाखवले तरच पुढं. ही वजनबाईची सवय. वस्तीतल्या पाण्याच्या टाकीशेजारी एक आडवा खांब होता, तिथं तिनं काटा अडकवला, माप लावलं. दोन. काढलं, पुन्हा लावलं. दोन.

"त्याला कितीदा विचारशील? लोखंड आहे ते, बदलणार नाही," नणंद म्हणाली.

"लोखंडासाठी नाही. काट्यासाठी."

वस्ती बाटल्यांची होती. शहरभरातल्या रिकाम्या बाटल्या इथं येत, रंगाप्रमाणे वेगळ्या होत, धुतल्या जात आणि पलीकडच्या गोदामात जात. प्रत्येक दाराबाहेर काचेचा एक ढीग, हिरवा, तपकिरी नाहीतर पांढरा. चालताना जपून चालावं लागे. मोठी माणसं वर बघून न बोलता खाली बघून बोलत, तो उर्मटपणा नव्हता.

नियम असा होता: मूल झोळीत बसवायचं, काटा स्थिर झाला की आधी वजनबाईनं वाचायचं, आपल्या चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी घडी करायची. मग नणंदेनं वाचायचं, तिच्या चिठ्ठीवर लिहायचं. एकमेकींना दाखवायचं नाही. शेवटी दोन्ही चिठ्ठ्या उघडायच्या.

पहिलं मूल, अडीच वर्षांचा मुलगा, झोळीत बसल्याबरोबर रडायला लागला आणि काटा थरथरत राहिला. नणंद पुढं झाली. "काय रे, रडून वजन वाढवतोस होय? लबाडी चालणार नाही इथं. माझी वहिनी फार कडक आहे." मुलगा तिच्या तोंडाकडे बघत गप्प झाला. एवढं भराभर बोलणारं माणूस त्यानं पाहिलं नसावं. काटा थांबला.

सहा किलो शंभर. दुसरी चिठ्ठी: सहा किलो शंभर.

"दादा असता तर पडला असता हे बघून," नणंद म्हणाली. "आपल्या दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं."

प्रश्न ७ : मुलाचं वय (पूर्ण महिन्यांत)

जन्माचा कागद एकोणिसांत तिघांकडे होता.

वजनबाईच्या पेटीच्या झाकणाला आतून एक यादी चिकटवलेली होती. वस्तीत काय कधी घडलं त्याची यादी. गोदामाला आग. मोठी पाण्याची नळी फुटली. पुलाचा कठडा तुटला. शाळेवर नवे पत्रे. प्रत्येकापुढं महिना आणि वर्ष. माणसांना तारखा आठवत नाहीत. पण आग लागली तेव्हा आपण कुठं उभे होतो, कडेवर कोण होतं, पोटात कोण होतं, हे कुणी विसरत नाही.

"नळी फुटली तेव्हा हा चालायला लागला होता का?"

"छे, रांगत होता. पाण्यात रांगत गेला, म्हणून तर आठवतंय."

"दात?"

"खालचे दोन."

नळीपासून मागे आठ-नऊ महिने. लिहिलं. मग शेजारणीला वेगळं विचारलं. तिचंही तेच आलं तर वय पक्कं.

बुधवारी सात झाली. सातव्याच्या वेळी मात्र गाडी अडली. फॉर्मवर तीस महिने होते. आई म्हणत होती, शाळेवर नवे पत्रे बसल्यावर झाला. पत्र्यांपासून मोजलं तर तेरा महिने. शेजारीणही पत्रेच म्हणाली. वजनबाईनं आपलाच जुना फॉर्म उजेडात धरून पाहिला. अक्षर तिचंच होतं. त्या दिवशी तिनं बहुधा मोठ्या भावाचं वय धाकट्याच्या रकान्यात टाकलं होतं. तेरा महिन्यांना ते वजन कमी असलं तरी लालात नव्हतं.

"राहू दे की तीस," नणंद हळूच म्हणाली. "एक पोर वाढतंय आपलं. कोण बघतंय?"

वजनबाईनं तीस खोडलं, वर तेरा लिहिलं, बाजूला सही केली.

"सहाच झाली मग," नणंद म्हणाली.

"सहा."

प्रश्न ८ : भेट झाली नसल्यास कारण (खूण करा)

☑ स्थलांतर. तीन घरं. दाराबाहेरचे बाटल्यांचे ढीग तसेच होते, माणसं नव्हती. कुठं गेली ते कुणाला सांगता आलं नाही.

☑ नकार. एक. नातवाला मांडीवर घेऊन एक म्हातारा दारात बसला होता. वजनबाईला बघून त्यानं मुलाभोवतीचा हात आवळला.

"मोजून मोजून पोरगं वाढतं का गं?"

"नाही वाढत, बाबा. पण न मोजल्यानं केंद्र जाईल."

"गेलं तर गेलं. कुणी दंड मोजतं, कुणी डोकं मोजतं. मागं एक जण घर मोजून गेला. लांबी, रुंदी, सगळं. मी त्याला पाणी दिलं प्यायला. महिन्यानं घर पाडलं." तो नातवाच्या केसांतून हात फिरवत होता. "तुझ्यावर राग नाही. पण आता नाही मोजू देणार."

नणंद काहीतरी बोलायला निघाली होती. वजनबाईनं तिचं मनगट धरलं. नाही म्हणायचा हक्क फॉर्मच्या पहिल्याच पानावर लिहिलेला असतो, आणि तो तिनं आजवर दर दारात वाचून दाखवला होता.

☑ मृत्यू.

पाच किलो चारशेवाली. गुरुवारी दुपारी दोघी तिच्या दारात पोचल्या तेव्हा आई हिरव्या बाटल्यांच्या ढिगापाशी बसली होती, हाताला कापडाच्या पट्ट्या बांधून. तिनं वर पाहिलं, काटा पाहिला.

"गेली ती," ती म्हणाली. "एकवीस दिवस झाले."

वजनबाई खाली बसली. सहा आठवड्यांपूर्वी हीच मुलगी झोळीत बसली होती. रडली नव्हती, काट्याचं वरचं कडं दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि उतरवताना सोडेना. एकेक बोट सोडवावं लागलं होतं.

"दवाखान्यात नेलं होतं?"

"नेलं होतं. दोन दिवस ठेवली."

दवाखान्यात नेलं म्हणजे चिठ्ठी असणार. चिठ्ठीवर वजन असणार. हे वजनबाईच्या ध्यानात आलं, आणि आलं म्हणून तिला स्वतःची चीड आली. तिनं चिठ्ठी मागितली नाही. थोडा वेळ ती आईबरोबर हिरव्या बाटल्या हिरव्यांत लावत राहिली. नणंदेनंही हात लावला. मग दोघी उठल्या.

"आम्ही उद्या सकाळी टाकीपाशी आहोत," जाताना वजनबाई म्हणाली, आणि हे आपण हिला का सांगितलं, असं तिला वाटलं.

गुरुवार संपता अकरा झाली होती.

शेरा (मोजणाऱ्यानं थोडक्यात लिहावा)

बारा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका वस्तीत, वजनबाईनं एका मुलाचं वजन लिहिलं होतं. पाच किलो नऊशे. फॉर्म परत आला, वजनाभोवती तांबडं वर्तुळ. ती गेली, पुन्हा मोजलं, तेच आलं, तेच लिहिलं. फॉर्म परत आला. तिसऱ्यांदा पाठवताना तिथल्या साहेबानं सांगितलं, "तुमचे फार फॉर्म परत येतात हो. कागद नवा करायचा महिना आहे हा." त्या वर्षी नवरा आजारी होता. तिनं पाचाच्या जागी सात लिहिलं.

फॉर्म परत आला नाही. त्या वर्षीचा तक्ता फार सुबक झाला, असं सगळे म्हणाले.

त्या मुलाचं पुढं काय झालं, हे तिनं कुणाला विचारलं नाही. विचारायला आधी ते मूल कुठल्यातरी कागदावर असावं लागतं.

एवढाच शेरा.

प्रश्न ८, पुढे

शुक्रवारी सकाळी आठला काटा टांगला, माप लावलं. राहिलेली दोन मुलं जुळी होती. त्यांची आई त्यांना घेऊन नाल्याच्या वरच्या अंगाला बहिणीकडे गेली होती आणि सकाळी परत येईन असा निरोप होता. नऊ वाजले. दहा वाजले. बघायला जमलेली पोरं खांबाला लोंबकळून आपलं आपलं वजन करू लागली. नणंद त्यांना हुसकत होती आणि मधेच स्वतःही कड्याला हात लावून बघत होती.

"नाही आली तर?"

"तर वरच्या अंगाला जायचं."

"आणि ती तिथून निघाली असली तर? चुकामूक होईल."

"म्हणून तू इथं थांबायचं."

पण जावं लागलं नाही. सव्वादहाला जुळ्यांची आई आली, एक कडेवर, एक पाठीवर, कपाळावरून घाम निथळत होता. "निरोप मिळाला, पण ही दोघं काही एकदम जागी होत नाहीत," ती म्हणाली. एकाला झोळीत घातलं की दुसरा रडे. शेवटी नणंदेनं दुसऱ्याला खांद्यावर घेतलं आणि एका हातानं चिठ्ठी लिहिली. सहा सातशे. सहा सातशे. दुसरा, सहा चारशे. नणंदेच्या चिठ्ठीवर सहा तीनशे. शंभर ग्रॅमचा फरक चालत होता. नियम वाचलेला होता म्हणून वजनबाईनं पुन्हा मोजलं नाही.

तेरा.

नणंद जुळ्यांतल्या एकाचा मुका घेत होती तेव्हा वजनबाईला दिसलं की त्यांच्या आईमागं आणखी एक बाई उभी आहे. हाताला कापडाच्या पट्ट्या. हात मोकळे. रांगेत उभं राहावं तशी, दोन पावलं मागं, आपली पाळी येईपर्यंत थांबलेली.

जुळ्यांची आई बाजूला झाली. ती पुढं आली.

"माझीपण लिहा," ती म्हणाली.

तिनं कमरेला खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून घडी केलेली चिठ्ठी. दवाखान्याची. वजनबाईनं ती दोन्ही हातांनी घेतली. दाखल केल्याची तारीख. वय, अंदाजे दोन वर्षं. वजन, पाच किलो दोनशे. खाली परिचारिकेची सही.

मग वजनबाईनं, दर दारात विचारते तशाच आवाजात, विचारलं, "वय सांगा. गोदामाला आग लागली तेव्हा?"

"पोटात होती. सहावा चालू होता."

"नळी फुटली तेव्हा?"

"मांडीवर. मी तिला वर उचलून धरलं होतं, पाणी लागू नये म्हणून."

सत्तावीस महिने. वजनबाईनं लिहिलं.

"ही चिठ्ठी मला द्यावी लागेल थोडा वेळ," ती म्हणाली. "संध्याकाळच्या आत परत आणते."

"माझ्याकडे एवढीच आहे," आई म्हणाली.

"मी आणते."

पडताळणी (फक्त कार्यालयाच्या उपयोगासाठी)

संगणकासमोरच्या मुलीनं जेवणाचा डबा उघडलाच नव्हता. एकेक फॉर्म घेऊन ती आकडे भरू लागली. प्रत्येक वेळी ओळ तांबडी झाली, प्रत्येक वेळी तिनं ती हातानं आत घेतली आणि कारण लिहिलं. तेराव्याला तिनं पाठ टेकली.

"दोनशे सात. त्यात लाल एकवीस. शंभराला दहाच्या किंचित वर." तिचे कान लाल झाले होते. "ते तेरा महिन्यांचं हिरव्यात गेलं म्हणून एकूण एक वाढलं. तरी होतंय, मावशी. झालं."

मोठ्या बाईंनी उभ्यानंच तक्ता वाचला. दोन वेळा वाचला. "ठीक," त्या म्हणाल्या. "वर्षभर तरी केंद्र बंद करता येणार नाही वरच्यांना. बसा, पाणी घ्या."

वजनबाईनं पाणी घेतलं नाही. तिनं चौदावा फॉर्म टेबलावर ठेवला आणि त्यावर चिठ्ठी.

मुलीनं वाचलं. तिचा आवाज खाली आला. "मावशी, ही तर... आणि तेरा झालीत. हिला घेतलं काय, न घेतलं काय, केंद्राला आता फरक नाही पडत."

"केंद्राला नाही पडत."

"हे जरा अवघड आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "आज नसलेलं मूल."

"तक्ता आजचा आहे का, बाई? मी मोजलं त्या दिवसाचा आहे ना? त्या दिवशी ती होती." वजनबाई शांतपणे बोलत होती, फक्त एक बोट टेबलाच्या कडेवर रोवलेलं होतं. "वय दोन घटनांनी पक्कं केलंय. वजन दोनदा झालंय. एक मी वाचलंय, एक दवाखान्याच्या बाईंनी. आमची ओळख नाही, काटेही वेगळे. तुम्ही मागितलं त्यापेक्षा हा पुरावा जास्तच आहे."

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. मोठ्या बाईंनी चिठ्ठी उचलली, खिडकीकडे नेली, परत आणली. मग पेन काढून फॉर्मच्या कोपऱ्यात सही केली.

"एकोणिसांतली राहिलेली चार," त्या म्हणाल्या, "तीही गाळायची नाहीत. तक्त्याखाली लिहायची. मोजली होती, पुन्हा सापडली नाहीत, असं." हे त्या मुलीला सांगत होत्या, पण बघत होत्या वजनबाईकडे. "आणि पुढच्या वेळेपासून ती रेष ओलांडली की ओळ गाळायची नाही. आधी मोजणाऱ्याला विचारायचं."

मुलीनं सत्तावीस लिहिलं, मग पाच, टिंब, चार. ओळ तांबडी झाली. तिनं ती आत घेतली.

नणंद कार्यालयाच्या पायरीवर बसली होती, डोळे मिटून, ऊन खात. "झालं?"

"झालं. तू घरी जा, काजं पडलीत."

"आणि तू?"

"एक कागद परत द्यायचाय."

वस्तीत पोचेपर्यंत सावल्या लांबल्या होत्या. आई कालच्याच जागी बसली होती. हिरवा ढीग संपून आता तपकिरी चालू होता. वजनबाईनं पिशवीतली चिठ्ठी तिच्या हातात दिली. आईनं ती उघडून पाहिली, तीच आहे ना म्हणून, आणि पुन्हा त्याच घड्यांवरून मिटली.

"लिहिलं?"

"लिहिलं."

"कितवी?"

"दोनशे आठवी."

"दोनशे आठ," आई म्हणाली. मग तिनं पट्ट्या बांधलेल्या हातानं शेजारचा बाटल्यांचा ढीग थोडा बाजूला सारला आणि वजनबाईला बसायला जागा केली.